ऐवज लंपास झाल्यावर

मराठी वर्तमानपत्रांच्या शहर-पानावर एक बातमी वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच शब्दांत छापली जाते: मोटारीची काच फोडून अज्ञात चोरट्याने लॅपटॉप, रोकड आणि दागिने असा अमुक लाखांचा ऐवज लंपास केला. ठिकाण तेवढं बदलतं. कधी मंगल कार्यालयाबाहेरचा रस्ता, कधी महामार्गावरचा धाबा, कधी गडाच्या पायथ्याचं मोकळं वावर. बातमी तिथे संपते आणि गाडीमालकाचं काम तिथून सुरू होतं. गेलेली बॅग परत मिळेल की नाही, हे त्याच्या हातात फारसं नसतं. पण त्या बॅगेमागून आणखी काय काय जाईल, हे मात्र तो पहिल्या काही तासांत काय करतो यावर बरंच अवलंबून असतं.

आधी काचेबद्दल, कारण सगळा गोंधळ तिच्याविषयीच्या गैरसमजातून होतो. गाडीची समोरची काच आणि दाराची काच या दोन वेगळ्या जातीच्या काचा आहेत. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा दाबून बसवलेला असतो. दगड लागला तर तिला तडे जातात, जाळं पसरतं, पण काच जागेवर राहते. दाराची काच बहुतेक गाड्यांत एकेरी आणि ‘टफन्ड’ असते. ती सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या जोरदार झोतांनी एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी आळतो, आतला मागाहून आकसू लागतो आणि बाहेरच्याला ओढून धरतो. परिणामी पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. साध्या काचेपेक्षा ती कितीतरी पट मजबूत होते ती या ओढाताणीमुळेच. म्हणून दारावर हात आपटला, कोपर लागलं, क्रिकेटचा चेंडू बसला तरी ती बहुधा तग धरते.

पण पृष्ठभागाचा तो दाबलेला थर एखाद्या कठीण, अणकुचीदार वस्तूने एका बिंदूपाशी भेदला आणि चीर गाभ्यापर्यंत पोचली, की आत कोंडलेली ऊर्जा क्षणात मोकळी होते आणि अख्खी काच हरभऱ्याएवढ्या दाण्यांत ढासळते. वितळलेली काच पाण्यात टाकून केलेले ‘प्रिन्स रूपर्टचे थेंब’ सतराव्या शतकात युरोपात कुतूहलाचा विषय होते. त्यांच्या जाड डोक्यावर हातोडी मारली तरी ते फुटत नसत, आणि बारीक शेपूट मोडलं की त्यांचा चुरा होई. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६१ मध्ये त्यांची तपासणी केली होती. आपल्या दाराची काच त्याच कुळातली. हा गुण तिला मुद्दाम दिलेला आहे. अपघातात बोथट दाणे अंगावर सांडले तर माणूस खरचटतो, चिरला जात नाही. आत अडकलेल्याला बाहेर काढायचं तर काच झटकन फोडताही येते. प्रवाशासाठी केलेली ही सोय चोराला आयती मिळते. गलोल आणि छर्रा घेऊन हिंडणाऱ्या टोळ्या उत्तरेतून दक्षिणेपर्यंत पकडल्या गेल्या आहेत, त्या याच भौतिकशास्त्रावर जगतात. आवाजही विशेष होत नाही. काचेचा ‘खळ्‌कन’ आवाज आपल्या कानात असतो तो पेल्याचा आणि तावदानाचा.

काळ्या फिल्मचा आडोसा कायद्याने उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये बाहेरून चिकटवायच्या फिल्मवर बंदी घातली. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणजे सीटवर काय ठेवलं आहे, हे रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतं. माझ्या मते हे योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की गाडीत वस्तू ‘झाकून’ ठेवता येते हा समज सोडून द्यायला हवा. हॅचबॅकमध्ये तर डिकी आणि मागची सीट यांच्यात एक हलकी फळी असते, एवढंच.

काच न फुटताही चोरी होते, आणि ती जास्त त्रासाची. रिमोटचं बटण दाबून आपण पाठ वळवतो, पण त्याच वेळी जवळ कुणी रेडिओ लहरींचा गोंगाट सोडणारं उपकरण लावलं असेल तर किल्लीचा संदेश गाडीपर्यंत पोचतच नाही. दार उघडंच राहतं. परत आल्यावर सगळं जागच्या जागी, फक्त बॅग नाही. मग घरी विसरली असेल, हॉटेलात राहिली असेल, अशी शोधाशोध चालते आणि त्यात निम्मा दिवस जातो. इंडिकेटर लुकलुकले का ते पाहणं आणि दाराचा दांडा एकदा हाताने ओढून पाहणं, याला पर्याय नाही.

गाडी निवडली कशी जाते, यावर थोडं थांबायला हवं. सगळ्या चोऱ्या रस्त्यावरून जाता जाता सुचलेल्या नसतात. बँकेतून मोठी रक्कम काढणाऱ्यावर आतूनच कुणीतरी नजर ठेवतो, बाहेरचा साथीदार दुचाकीवरून मागे लागतो आणि गाडी पहिल्यांदा कुठे थांबते याची वाट पाहतो. ती बहुधा भाजीच्या दुकानापाशी, मेडिकलपाशी किंवा शाळेच्या दारात थांबते, आणि मालक म्हणतो, दोनच मिनिटं. सब-रजिस्ट्रार कचेरी, सराफ बाजार आणि लग्नसराईतली मंगल कार्यालयं याच हिशोबात येतात. वऱ्हाडाच्या गाडीत दागिने असणारच, आणि मुहूर्ताच्या वेळी गाडीपाशी कुणी नसणारच. ठकठक गँगची पद्धत आणखी वेगळी. मालक गाडीत बसलेला असतानाच काचेवर टकटक होते. कुणी सांगतं इंजिनातून ऑइल गळतंय, कुणी म्हणतं तुमच्या नोटा खाली पडल्यात. मालक एका दाराने उतरतो, बॅग दुसऱ्या दाराने जाते. अंगावर खाजकुयली टाकणं किंवा टायर पंक्चर करणं हे याच युक्तीचे भाऊबंद.

या सगळ्यावर सर्वांत स्वस्त उपाय वेळेचा आहे. बॅग डिकीत ठेवायचीच असेल तर निघताना ठेवावी. पोचल्यावर, पार्किंगमध्ये उतरून, चार लोकांदेखत डिकी उघडून तीत बॅग ठेवणं म्हणजे पाहणाऱ्याला जागा दाखवणं. बॅग लपवल्याचं समाधान तेवढं आपल्याला मिळतं. गडावर जाताना तर पायथ्याशी गाडी चार-सहा तास बेवारस असणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिथे पाकीट आणि फोन पाठीवरच्या सॅकमध्ये असलेले बरे.

आता समजा, झालं. काच फुटली आहे, सीटवर दाण्यांचा ढीग आहे. पहिली ऊर्मी आवरायची असते ती दार उघडून आत काय उरलंय हे चाचपण्याची. बाहेरूनच चारही बाजूंनी फोटो काढा, नंबरप्लेट आणि आसपासची दुकानं येतील असे. ११२ वर फोन करा. पोलीस येईपर्यंत एकाने गाडीपाशी थांबावं, दुसऱ्याने दोन कामं करावीत. एक म्हणजे आजूबाजूला कुठे कॅमेरे आहेत ते टिपून ठेवणं. दुकानातली आणि सोसायटीतली यंत्रं ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढवतात, त्यामुळे ते जपून ठेवायला लगेच सांगावं लागतं. कोर्टात टिकेल असं चित्रण मात्र पोलिसांनीच, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रासह घ्यायचं असतं. मोबाइलवर काढलेली प्रत माहितीपुरती. दुसरं काम म्हणजे जवळची गल्ली, नाला आणि कचराकुंडी बघून येणं. चोराला रोकड आणि फोन हवा असतो. पासपोर्ट, चेकबुक आणि शाळेचे दाखले त्याच्या दृष्टीने ओझं, आणि ते तो बहुधा लवकर टाकून देतो. काही सापडलं तर हात न लावता पोलिसांना दाखवावं. बोटांचे ठसे जुळवायला महाराष्ट्र पोलिसांकडे ‘ॲम्बिस’ ही संगणकीय प्रणाली आहे. सराईत चोराचा एक चांगला ठसा मिळाला तर तपास पुष्कळ सोपा होतो.

याच वेळी फोनवरून जी कामं उरकायची, त्यांचा क्रम लोक चुकवतात. कार्ड बंद करायला सगळे धावतात. त्याआधी चोरीला गेलेल्या फोनमधलं सिम बंद करा, कारण ओटीपी त्यावर येतो. मग कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय आणि चेकबुक. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेलं तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे: ग्राहकाच्या हलगर्जीपणातून झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० वर फोन करा. हँडसेट निकामी करायला ‘संचार साथी’वरची सीईआयआर ही सोय आहे. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक आणि पोलीस तक्रारीची प्रत दिली की तो फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. आयएमईआय फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. तो नसला तर तक्रार अडते.

आणि किल्ल्या. बॅगेत घराची किल्ली असेल आणि त्याच बॅगेत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात पत्ता असलेला कोणताही कागद, आरसी, आधार, विजेचं बिल, तर चोराकडे घराचा पत्ताही आहे आणि किल्लीही. आणि तुम्ही पोलीस ठाण्यात आहात हे त्याला माहीत आहे. शेजाऱ्यांना फोन करून कुणाला तरी घरी बसायला सांगावं आणि त्याच दिवशी कुलूप बदलावं. गाडीची जादा किल्ली गेली असेल तर ती सर्व्हिस सेंटरकडून रद्द करून घ्यावी. नाहीतर आठवड्याभराने गाडीच जाते. मूळ आरसी आणि लायसन्स गाडीत बाळगण्याचं कारणही आता नाही. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली प्रत कायद्याने चालते.

पोलीस ठाणं हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक टप्पा. तिथे बहुधा एक आपुलकीचा सल्ला मिळतो: “गहाळची नोंद करू या साहेब, लगेच दाखला मिळेल. डुप्लिकेट कागदांना तेवढा पुरतो.” सल्ला खोटा नाही. डुप्लिकेट लायसन्सला तो दाखला खरोखर पुरतो, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही मिळतो. पण गहाळ म्हणजे वस्तू तुमच्याकडून हरवली. तिथे गुन्हा नाही, आरोपी नाही, तपासही नाही. पुढे त्याच टोळीकडून वीस लॅपटॉप जप्त झाले, तर त्यांपैकी एक तुमचा आहे हे कुठल्याही नोंदीत नसतं. विमा कंपनी तर या एका शब्दावर दावा नाकारू शकते. उघडकीस न येण्याची शक्यता असलेला आणखी एक गुन्हा ठाण्याच्या आकडेवारीत नको, ही अंमलदाराची अडचण मी समजू शकतो. पण ती अडचण फिर्यादीने आपल्या अंगावर घेण्याचं कारण नाही.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०३ खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि काच फोडल्याचं नुकसान कलम ३२४ मध्ये येतं. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरणं कलम ३०५ मध्ये बसतं आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. कोणतं कलम लावायचं ते पोलिसांनी आणि शेवटी न्यायालयाने ठरवायचं. फिर्यादीने घडलेलं नीट सांगायचं. नव्या कायद्यातली एक खोच मात्र माहीत हवी. गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांच्या आत असेल तर ३०३ खालची ती चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे नुसती एनसी, जिचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. घाईघाईत ‘एक जुनी बॅग आणि थोडे कागद’ असं सांगणाऱ्याची नोंद तिथेच अडकते. बॅगेतला चष्मा, पॉवर बँक, औषधं आणि रोख रक्कम सगळं आठवून, खरी किंमत लावून लिहून न्यावं. फुगवूही नये, कारण पुढे बिलं मागितली जातात. मागाहून काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो.

“आमच्या हद्दीत नाही” हे उत्तरही आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हीच झिरो एफआयआर. गुहागरहून कोल्हापूरला परतताना वाटेत कुठे तरी बॅग गेल्याचं घरी पोचल्यावर कळलं, तर कोल्हापुरात फिर्याद देता येते. माहिती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नोंदवायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकारी, हा मार्ग त्याच कलमात दिला आहे. दखलपात्र गुन्ह्याची नोंद ही पोलिसांची मर्जी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं. नव्या संहितेने त्याला एक मुरड घातली आहे. तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. त्यामुळे दोन आठवडे थांबायला सांगितलं, तर ती परवानगी घेतली आहे का, एवढं नम्रपणे विचारावं.

गाडी कुलूपबंद होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्याकडे चोरीच्या गुन्ह्यापुरती तरी फिर्यादीवर नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना याचं अप्रूप वाटेल. त्या शहरात २०१७ या एका वर्षात गाडीतल्या वस्तूंच्या चोरीच्या ३१ हजारांहून जास्त तक्रारी झाल्या. काच फुटलेली समोर असूनही दार कुलूपबंद होतं हे सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागे, आणि त्यासाठी पर्यटक मालक परत यायचा कुठून? कॅलिफोर्नियाने कायदा बदलून १ जानेवारी २०२५ पासून ही पळवाट बुजवली.

पार्किंगवाल्याची जबाबदारी किती? ‘मालकाच्या जोखमीवर’ असा फलक लावला म्हणजे हात झटकता येतात असं नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात व्हॅलेकडे सोपवलेली मारुती झेन १९९८ मध्ये चोरीला गेली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरलं, कारण किल्ली हातात घेतली की वस्तूची निगा राखण्याचं कर्तव्य येतं. पण तो निकाल गाडीपुरता होता. आतल्या लॅपटॉपबद्दल तोच युक्तिवाद सहज लागू होईल असं धरून चालू नये, आणि रस्त्याकडेच्या पे-अँड-पार्कला तर किल्ली दिलेलीच नसते. पावती मात्र जपून ठेवावी. गाडी किती ते किती वाजेपर्यंत उभी होती याचा तो सर्वांत चांगला पुरावा.

विम्याचं थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच नाही. सर्वंकष पॉलिसी गाडीचं नुकसान भरते, म्हणजे काच मिळते, आतल्या वस्तू मिळत नाहीत. काचेवर घसारा लागत नाही, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार रुपये स्वतःचे घालावे लागतात, आणि दावा केला की २० ते ५० टक्के असलेला नो क्लेम बोनस शून्यावर येतो. छोट्या गाडीच्या एका काचेसाठी मी दावा करणार नाही. दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहावेत. वैयक्तिक वस्तूंसाठी जादा हप्त्याचं कलम मिळतं, पण त्यातून रोकड आणि दागिने बहुधा वगळलेले असतात आणि गाडी कुलूपबंद असण्याची अट असते. दावा करायचा असेल तर सर्व्हेअरने पाहीपर्यंत काच बदलू नये, प्लास्टिक चिकटवून भागवावं. कंपनीला कळवायला उशीर झाला तरी घाबरू नका. वाहनचोरीच्या गुरशिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं, की एफआयआर तत्काळ दिलेला आणि दावा खरा असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून तो नाकारता येत नाही. तपास थांबला तर महाराष्ट्रात ‘अ समरी’ होते: गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. विमा कंपनी हाच कागद मागण्याची शक्यता असते, तेव्हा न्यायालयाने तो मंजूर केल्याची नक्कल काढून ठेवावी.

माल मिळाला तरी तो लगेच हातात येत नाही. जप्त झालेला ऐवज मुद्देमाल होतो आणि परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की असा माल ठाण्यात महिनोन्‌महिने पाडून ठेवू नये. पंचनामा आणि फोटो करून, हमीपत्र घेऊन तो मालकाला द्यावा. अडचण येते ती ओळख पटवताना, आणि सोन्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त. चोरीचं सोनं लवकरात लवकर आटवलं जातं, आणि पोलीस जप्त करतात तेव्हा पुष्कळदा हाती येते ती लगड. ‘एक गंठण, अंदाजे तीन तोळे’ असं फिर्यादीत लिहिलं असेल आणि त्याच टोळीने त्या महिन्यात आणखी चार गंठणं पळवली असतील, तर लगड कुणाची हे ठरवायचं कशावरून? म्हणून फिर्यादीला बिलाची प्रत जोडावी. तिच्यात ग्रॅममधलं वजन आणि कॅरट असतं. एप्रिल २०२३ नंतर दुकानातून घेतलेल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी असतो, तोही फिर्यादीत यावा. दागिना अखंड मिळाला तर या एका क्रमांकाने ओळख पटते. आटवला गेला असेल तर बिलावरचं वजन लगडीतल्या वाट्यासाठी कामी येतं. ताबा मिळताना खटला संपेपर्यंत तो विकणार नाही, मोडणार नाही आणि मागितल्यास हजर करीन, असं लिहून द्यावं लागतं.